उजव्या हाताचे टाके

मित्रांनो, माझा पुठ्ठा मूळचा निळा होता, हे आता सांगावे लागते. मी एक जुनी नोंदवही आहे. माझ्या प्रत्येक पानावर चार रकाने छापलेले आहेत: तारीख, काय केले, काय शिकायला मिळाले आणि पुरावा. माझ्यासारख्या चाळीस जणी एकाच गठ्ठ्यातून फिजिओथेरपीच्या कॉलेजात गेल्या. मी शेवटच्या वर्षाच्या एका मुलीच्या वाट्याला आले.

मुलगी हुशार होती, पण लिहायचा तिला भारी कंटाळा. आठवड्याभराचे सगळे ती शनिवारी एका बैठकीत उरकायची. 'रुग्णाशी छान संवाद साधला. संयम ठेवला.' पुराव्याच्या रकान्यात नुसती बरोबरची खूण. महिन्याने कॉलेजातल्या बाईंनी मला तपासले.

"तू संयम ठेवला असशील, मी नाही म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण मला तो दिसतोय कुठे?"

मुलीचे तोंड एवढेसे झाले.

त्याच सुमारास दवाखान्यात एक शिंपीकाका येऊ लागले. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. मुलगी त्यांना रोज चेंडू दाबायला आणि चिमटीने मणी उचलून डबीत टाकायला लावी. मग काकांनी त्याच हाताने माझ्या शेवटच्या रकान्यात सही करायची. पहिल्या दिवशी नुसती रेघ उमटली. पंधरा दिवसांनी रेघेला वळण आले.

एका मंगळवारी मुलीला वर्गावर जायची घाई होती. मणी सारखा निसटत होता. तिने काकांची बोटे धरली आणि तो स्वतःच डबीत टाकून दिला. मग मला त्यांच्यापुढे सरकवले. काकांनी डाव्या हाताने माझे पान असे हिसकले की ते मधोमध फाटले.

"चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेत मी," ते म्हणाले. "मला लहान मूल समजू नकोस."

मुलीला रडू फुटले. पण त्या दिवशी तिने शनिवारची वाट पाहिली नाही. फाटक्या पानावरच लिहिले: 'आज मी घाई केली. काकांचे काम मीच केले. त्यांना ते लागले.' दुसऱ्या दिवशी तिने माफी मागितली आणि हात मागे घेऊन बसून राहिली. एक मणी उचलायला नऊ मिनिटे लागली. तेही तिने लिहिले.

परीक्षा जवळ आली, तेव्हा एका मैत्रिणीने तिला कोरी वही आणून दिली. सगळे सुवाच्य अक्षरात उतरवून काढ, हे फाटके लक्तर कोण बघणार, असे तिचे म्हणणे. मुलीने तीन पाने उतरवलीही. सह्यांपाशी मात्र ती अडली. म्हणून आम्हा दोघी वह्यांना घेऊन ती काकांच्या घरी गेली. काकांनी नव्या वहीत सही केली. ती इतकी सुबक आली की दोघेही ती माझ्यातल्या पहिल्या सहीशी लावून पाहू लागले. आता पहिल्या दिवसाची रेघ पुन्हा कुठून आणायची?

काकांनी काकूंकडून सुईदोरा मागून घेतला. माझे फाटलेले पान जुळवून उजव्या हाताने अकरा टाके घातले. तासभर गेला. मुलीने मधे हात घातला नाही.

परीक्षेला मुलीने मलाच नेले. बाहेरून आलेल्या सरांनी सह्या एकामागून एक पाहिल्या. मग टाक्यांवरून बोट फिरवत विचारले, "हे कोणी शिवलं?"

"काकांनी. उजव्या हातानं."

"आणि फाडलं कोणी?"

"त्यांनीच. पण चूक माझी होती."

मग तिने मंगळवारची सगळी हकिकत सांगितली. सरांनी शाबासकी दिली नाही, नुसते लिहून घेतले. मुलगी पहिली वगैरे आली नाही. पास झाली, आणि त्याच दवाखान्यात तिला नोकरी मिळाली.

मी मात्र कपाटात जुन्या चादरींखाली गेले. सात वर्षांत मला कोणी उघडलेले नाही. कडेची अक्षरे कसर या किडीने खाल्ली. तिला कामातून सवड नसते, हे मला कळते.

पण मित्रांनो, तुम्ही काही शिकत असाल, तर ते त्याच दिवशी लिहा. 'छान जमले' एवढ्यावर थांबू नका. काय जमले, किती वेळात जमले आणि काय फसले, तेही लिहा. मग ती वही कोरड्या जागी ठेवा आणि वर्षातून एकदा तिला ऊन दाखवा. कसरीला कुठले पान कामाचे, ते कळत नाही.