लंगड्याला कोण अडवतं

वेम्बलीवर फुटबॉलची कप फायनल नुकती रंगात येत होती, तोच त्यांच्या फॉरवर्डने, क्रॅबट्रीने, आमच्या गोलीला, विल्फला, चेंडूसकट गोलात लोटलं. त्याचा खांदा छातीवर असा बसला की हाड मोडल्याचा आवाज मला बचावात, बॅकच्या जागेवर ऐकू आला. गोलीच्या हातात चेंडू असला की त्याला खांद्याने खुशाल उडवावं, हे त्या काळी नियमात बसायचं. पंचाने गोल दिला. त्यांची माणसं टोप्या उडवत होती आणि विल्फ जाळ्यात पडून रक्त थुंकत होता.

विल्फ माझ्या बहिणीचा, एडनाचा नवरा. आठवडाभर आम्ही दोघं एकाच खाणीत कोळसा फोडायचो आणि शनिवारी डेनशॉ संघाकडून खेळायचो. फायनलला निघताना स्टेशनवर एडनाने माझी कॉलर धरली होती. "तुमचा कप घाला खड्ड्यात," म्हणाली, "माझा माणूस तेवढा धड आण."

ट्रेनर बर्टी बादली घेऊन धावत आला. गार पाणी आणि स्पंज, एवढाच आमचा दवाखाना. बदली खेळाडू ही भानगडच नव्हती. एखादा मोडला की त्याला कडेला विंगवर नुसता उभा करायचा आणि बाकीच्यांनी ओढायचं.

"जर्सी काढ," मी विल्फला म्हटलं. "गोलात मी थांबतो. तू जा कडेला."

"तू? तुला बायकोने फेकलेली बशी झेलता येत नाही, साल्या." तो बरगडी दाबत उठला. "एकच मोडलीय. बाकीच्या आहेत की."

"तो परत येईल."

"मग तू कशाला आहेस?"

क्रॅबट्री जवळून जाता जाता म्हणाला, "काय रे कोळसेवाल्यांनो, बाळ रडतंय वाटतं? दूध पाजा त्याला."

माझं टाळकं सटकलं. पुढच्या वेळी तो विल्फच्या रोखाने निघाला तेव्हा मी आडवा घुसलो. चेंडूकडे मी बघितलंही नाही. दोन्ही बूट त्याच्या उजव्या नडगीवर घातले. काडकन आवाज झाला, तो गुरासारखा ओरडला आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. पंचाने फ्री किक दिली आणि मला बोट दाखवलं, बस्स.

त्यांच्या ट्रेनरने पाय आवळून बांधला आणि त्याला विंगवर उभा केला. एका पायावर तोल सांभाळत तो मला शिव्या देत होता. मध्यंतरानंतर आमचा गोल झाला, बरोबरी झाली. आमचा कप्तान अर्नल्ड ओरडला, "त्या लंगड्यावर माणूस वाया घालवू नको. विल्फपुढे उभा राहा."

सगळे तेच करायचे. कडेला टाकलेल्या माणसाला कोण अडवतं? आणि मला तरी दुसरं काय हवं होतं? मी विल्फपुढे भिंत होऊन उभा राहिलो. जो आला त्याला कोपराने, गुडघ्याने परत पाठवला. माझा एक दात पडला, त्यांच्या एकाची भुवई फाटली.

शेवटी शेवटी त्यांच्या बॅकने चेंडू नुसता लांब भिरकावला. तो नेमका क्रॅबट्रीपाशी पडला. त्याच्या आसपास चिटपाखरू नव्हतं. तो लंगडत, उड्या मारत गोलाकडे निघाला. मी जीव खाऊन धावलो, पण पोचलो नाही. विल्फचा एक हात वर होतच नव्हता, म्हणून त्याने डोकं पुढे करून क्रॅबट्रीच्या पायांत झेप घेतली. क्रॅबट्रीचा गुडघा सगळ्या वजनानिशी त्याच्या मानेवर बसला. चेंडू हळूहळू रेषेपलीकडे गेला. मैदान गर्जत होतं.

बर्टीने सगळी बादली विल्फच्या तोंडावर ओतली. उघड्या डोळ्यांत पाणी पडलं, तरी पापणी हलली नाही.

क्रॅबट्री शेजारीच पडला होता. मी त्याची कॉलर धरली.

"मी त्याच्यावरून उडी मारणार होतो रे," तो रडत म्हणाला. "दर वेळी मारतो. पायच उचलला गेला नाही."

मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. मग दुसरा. तो हातही आडवा धरत नव्हता. लोकांनी ओढून काढेपर्यंत मी मारत राहिलो, कारण थांबलो असतो तर तो पाय कुणी मोडला ते मला आठवलं असतं.