कोणता शांत?

गाळणकागदावरचा तो पिवळसर ठिपका, मोहरीएवढाच, पण कडा हळूहळू पसरत चाललेल्या... जुन्या कॉम्प्रेसरच्या नळीसमोर कागद धरला की हवेबरोबर तेलही येत होतं, हे आता उघडच होतं. त्या हवेवर चालणाऱ्या उपकरणाचे आकडे इतके दिवस वेड्यासारखे का वागत होते, तेही. म्हणून तर आज बिनतेलाचे दोन नवे कॉम्प्रेसर चाचणीला आले होते आणि प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून त्यांतला एक तिनं निवडायचा होता. दाब दोन्हींचा सारखा, हवा दोन्हींची कोरडी. प्रश्न उरला आवाजाचा, कारण यंत्र कामाच्या टेबलाला खेटूनच राहणार होतं.

विक्रेत्यानं एक सुरू केला, बंद केला. मग दुसरा.

"आता तुम्हीच सांगा मॅडम, कोणता शांत?"

तिनं दोन्हींकडे पाहिलं. दोन्ही शांतच तर होते. भिंतीपलीकडे कुणी जड टेबल सरकवत असावं, तशी नुसती घरघर. 'सारखेच' हा शब्द ओठांवर आला, तेवढ्यात धाकटी सहकारीण कानांवर हात ठेवून म्हणाली,

"बाई गं! पहिला दिवसभर चालला तर डोकंच उठेल. ती बारीक शिट्टी ऐकलीत ना, मॅडम?"

"हो ना," ती म्हणाली. हसलीसुद्धा.

शिट्टी—कुठली शिट्टी? "परत लावा बघू पहिला," ती म्हणाली. विक्रेत्यानं लावला. सहकारिणीचा चेहरा आक्रसला. विक्रेताही ओशाळला. म्हणजे त्या खोलीत काहीतरी होतं, दोघांना टोचत होतं, आणि आपल्यापर्यंत पोचत नव्हतं...

हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, असं मी कधीपासून म्हणू लागले? बैठकीत सगळे हसले की मीही हसते, जरा उशिरा. आणि परवा सकाळी नवरा म्हणाला, "विचारलेल्याचं उत्तर तरी देत जा." मी म्हटलं, "तू विचारलंसच कधी?" तेव्हापासून घरात अबोला. तो हटवादी आहे, असं मी बहिणीला फोनवर रंगवून सांगितलंही. पण त्यानं खरंच विचारलं असेल तर? नेहमीसारखं, पाठमोरा, हळू...

"दुसरा घेऊ," ती म्हणाली.

"मॅडमचा कान पक्का हं!" विक्रेता खूश होऊन म्हणाला. ती टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा पाठमोरा भांडी विसळत होता. नळ चालू. त्याचे खांदे किंचित हलले... काही बोलला? की नुसतीच भांडी? एरवी ती 'हं' म्हणून पुढं गेली असती. आज स्वयंपाकघराच्या दारातच थांबली, पर्स खांद्यावर तशीच. आणि तो वळण्याची वाट पाहत त्याच्या मानेकडे बघत राहिली. रागावून नाही, तर अनोळखी गावात रस्ता विचारण्यासाठी कुणी थांबावं, तशी.