ढब्बू कुणाच्या हवाली

त्या आठवड्यात मीनाक्षी टिपणीसकडे एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत होती. नवा माणूस खेळात जगतच नाही.

गुडगावच्या एका काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर तिची कंपनी होती आणि 'पैलतीर' हा त्यांचा ऑनलाइन खेळ. खेळणारा रिकाम्या हातांनी नदीकाठी उतरतो, मागे जंगल. आसरा बांधायचा, पोट भरायचं आणि जमलंच तर एखादं रानटी जनावर माणसाळवायचं. मोठं जनावर सोबत असलं की तरसं जवळ येत नाहीत. पण माणसाळवायला चिकाटी लागते. चारा ठेवून लांब बसायचं, रोज एक पाऊल पुढे सरकायचं. तेवढ्यात नवख्याला तरसं फाडून खायची. बरं, माणसाळवणं सोपं केलं की जुने खेळाडू पन्नास-पन्नास जनावरं कुंपणात कोंडून ठेवायचे आणि नदीकाठी नवख्यासाठी साधी शेळीही उरायची नाही.

"दहातले सात पहिल्या तासात मरतात आणि परत येत नाहीत," राजीव म्हणाला. तो तिचा वरिष्ठ, मूळचा पुण्याचा. "यार मीनाक्षी, काहीतरी कर."

मीनाक्षीनं उपाय काढला. ज्या जनावरांचे मालक तीन महिन्यांत एकदाही आले नाहीत, ती सोडून द्यायची. ती चालत नदीकाठी येतील आणि माणसाची सवय असल्यामुळे नवख्याच्या हाताला लवकर लागतील. राजीव खूश झाला. यादी निघाली, चार हजारांवर जनावरं. मालकांची नावं त्यात नव्हती, फक्त जनावरांची होती. तिसऱ्या पानावर मीनाक्षीची नजर अडकली. ढब्बू. रानरेडा, डावं शिंग मोडकं, मुक्काम वरच्या तळ्याकाठी. मालक चौदा महिने आलेला नाही.

ढब्बू निखिलचा होता, तिच्या धाकट्या भावाचा.

दोघं दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढली. वडील, अण्णासाहेब, केंद्राच्या एका मंत्रालयात अवर सचिव होते. मुलानं यूपीएससी काढावी एवढीच त्यांची इच्छा, आणि घरात तीच रोज बोलली जायची. निखिल दोनदा नापास झाला. तिसऱ्या वेळी तो हॉल तिकीट घेऊन सकाळी बाहेर पडला आणि संध्याकाळी येऊन म्हणाला, पेपर ठीक गेला. मीनाक्षीला शंका आली. दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसात त्याच्या खात्याची नोंद उघडून पाहिली. परीक्षेच्या दिवशी साडेनऊ ते चार तो ढब्बूजवळ तळ्याकाठी बसून होता.

रात्रीच्या जेवणाच्या ताटावर तिनं ते अण्णांना सांगितलं. कुणीतरी बोलायला हवं असं तिला वाटलं होतं.

"खोटं बोलणाऱ्याला या घरात जागा नाही," अण्णा म्हणाले.

निखिलनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो बहिणीकडे बघत होता. "ताई, तू माझ्यावर नजर ठेवत होतीस?"

सकाळी तो गेला. फोन बंद. दिवाळीला आईच्या मोबाइलवर अनोळखी नंबरावरून एक मेसेज आला, 'मी बरा आहे.' आईनं उलट फोन लावला तर दुसऱ्याच कुणीतरी उचलला. मीनाक्षीनं राजीवला सगळं खरं सांगितलं होतं. खेळाडूची नोंद खाजगी कारणासाठी पाहिली म्हणून नियमाप्रमाणे तिच्या संगणकी चाव्या काढून घेतल्या गेल्या. खेळाच्या चालू जगात तिला आता कुठेही हात घालता येत नव्हता. अण्णा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, सगळे दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या तिच्या फ्लॅटवर आले. निखिलकडे हा पत्ता नव्हता.

आता यादीतली एक ओळ पुसली असती तर ढब्बू तळ्याकाठी उभा राहिला असता. कुणाला कळलंही नसतं. मीनाक्षी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसली. भावासाठी एकदा नियम मोडून झाला होता. मग ती उठून राजीवकडे गेली.

"आधी सगळ्या मालकांना मेल पाठवू. तीन आठवड्यांची मुदत देऊ."

"मेल कोण वाचतं?"

"तरी पाठवू."

मजकूर तिनंच लिहिला. पाच ओळींसाठी दोन दिवस घेतले. जाणार होता चार हजार लोकांना, लिहिताना डोळ्यांसमोर एकच होता. तुमचं जनावर अजून तिथंच उभं आहे, ते सोडण्याआधी एकदा येऊन भेटून जा, एवढाच त्याचा अर्थ.

रोज थोडी थोडी नावं यादीतून कमी होत गेली. ज्याचा मालक यायचा ते जनावर आपोआप गळायचं. मीनाक्षी मेट्रोत उभ्या उभ्या फोनवर यादी बघायची. ढब्बू तिथंच असायचा. मुदतीच्या शेवटच्या शनिवारी सकाळी चहा घेताना तिनं यादी उघडली आणि कप तसाच खाली ठेवला. ढब्बूची ओळ नव्हती.

निखिल आला होता. कदाचित अजून तिथंच असेल!

चालू जगात तिचं स्वतःचं पात्रच नव्हतं, कधी लागलंच नव्हतं. तिनं घाईघाईनं नवं खातं काढलं आणि रिकाम्या हातांनी नदीकाठी उतरली. तळं चढावर, जंगलापलीकडे. ती पळत सुटली. पहिल्याच वळणावर तरसांनी गाठलं. तरसाचा वेग पळणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त हवा, हा आकडा तिनंच टाकला होता. पुन्हा नदीकाठ. दुसऱ्या वेळी ती झाडावर चढली, खाली तरसं बसून राहिली आणि ती भुकेनं मेली. तिसऱ्या वेळी रडू आवरत पाण्यातून, काठाच्या आडोशानं गेली. पाऊण तास गेला. आतल्या खोलीतून आई विचारत होती, "मीनू, चहा गार झाला ना?"

तळं दिसलं. ढब्बू दिसला. त्याच्या शेजारी एक पात्र उभं होतं आणि डोक्यावर नाव होतं, 'हेमलता रोहतक'.

मीनाक्षीनं टाइप केलं, "यह भैंसा आपका है?"

"आज ही मिला जी," उत्तर आलं. "मैं रिटायर्ड नर्स हूँ, चार दिन से खेल रही हूँ और रोज़ मर रही हूँ। एक लड़के ने मुझे नदी पर देखा, यहाँ तक साथ लाया और दे दिया।"

"कुछ कहा उसने?"

"कहा कि इसे बिजली कड़कने से डर लगता है, तब पास बैठ जाना। बस। फिर चला गया। आप उसकी कौन?"

मीनाक्षीनं लिहिलं, "बड़ी बहन."

पलीकडून आलं, "वापस आया तो क्या बोलूँ?"

तिनं लिहिलं, पुसलं. घरी ये लिहिलं, तेही पुसलं. शेवटी पाठवलं, "बोलना, ग़लती मेरी थी। और द्वारका का पता दे देना।" खाली पत्ता लिहिला.

खेळातून बाहेर येऊन तिनं आईला सांगितलं, निखिल येऊन गेला. आई दाराकडे धावली. तिला पुन्हा खुर्चीत बसवून सगळं समजावून सांगायला वेळ लागला. अण्णा ऐकत होते. चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याला पुसला, पुन्हा पुसला.

"त्या बाईंना लिहिलंस, चूक तुझी होती म्हणून?"

"हो."

"त्यात माझंही नाव घाल."

सोमवारी मीनाक्षीनं आपलाच उपाय मागे घेतला. जनावरं वाऱ्यावर सोडायची नाहीत. खेळ सोडून जाणाऱ्याला खेळच एखादा नवखा गाठून देईल, आपलं जनावर त्याच्या हवाली करता येईल, जनावराच्या सवयी सांगता येतील. "अच्छा, आणि हे सुचलं कुठून?" राजीवनं विचारलं. "एका खेळाडूनं आपणहून केलं," ती म्हणाली. दोन महिन्यांत पहिल्या तासात मरणारे सातावरून चारावर आले. ऑफिसात केक कापला गेला.

दर शनिवारी ती तळ्याकाठी जाते. हेमलताबाई ढब्बूला घेऊन तिथं असतात. दोघी गप्पा मारतात, रोहतकच्या, द्वारकेच्या, गुडघेदुखीच्या. निखिल अजून आलेला नाही.

परवाच्या शनिवारी तिनं संगणक बंद केला तेव्हा अण्णा पेपर वाचत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "रोहतकच्या बाईंचा काही निरोप?"

"नाही, अण्णा."

त्यांनी पान उलटलं. "बरं. पुढच्या शनिवारी विचार."