सोडलेल्या शेंगा

देवाच्या नावावर खोटं बोलायला छाती लागते, आणि केवळाबाईची छाती काही फार मोठी नव्हती. तरी बारा वर्षं ती एकच खोटं बोलत आली. ते तिनं कसं धकवलं, हे तिचं तिलाच ठाऊक.

ताडकळसच्या शिवारात तिच्या नवऱ्याची, येडबाची, मेंढरं बसायची. धुरपता ही त्यांची एकुलती एक लेक. ती चार वर्षांची असताना बापानं बाजारातून भाजक्या शेंगा आणल्या. पोरीनं दोन दाणे खाल्ले असतील नसतील, ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, छातीतून शिट्टी वाजायला लागली. येडबानं तिला गाडीत घालून परभणीच्या हकिमाकडं नेलं. तिथं पोचेतो पोर आपसूकच सावरली होती. हकिमानं सगळं ऐकून घेतलं आणि औषध न देताच सांगितलं, "बच्ची कू मूंगफली नक्को देना. जहर है इसकू."

केवळाबाईनं गावात आल्या आल्या हे खरं खरं घरोघर सांगितलं. बायका हसल्या. दाणा कधी कुणाला बाधतो का? तिची थोरली जाऊ मनकर्णा तर म्हणाली, "उगं लाड नको. थोडं थोडं पोटात गेलं की सवय व्हती." आणि एक दिवस तिनं गुपचूप पोरीच्या भाकरीवर चिमूटभर दाण्याचं कूट भुरभुरलं. त्या दिवशी धुरपता दुपारपर्यंत काळीनिळी पडून होती. मनकर्णा काही वाईट बाई नव्हती, ती पोरीच्या उशाशी बसून रडली. पण केवळाबाईला तेव्हा एक गोष्ट पक्की कळली, की आजाराला कुणी भीत नाही.

पुढं एका लग्नात कुणीतरी पोरीपुढं दाण्याचा लाडू धरला. केवळाबाईच्या तोंडून अचानक निघालं, "तिनं शेंगा सोडल्यात. खंडोबाला."

लाडवाचा हात मागं गेला आणि कपाळाला लागला. बस्स, एवढंच झालं. आपल्याकडं कुणी काशीला जाऊन वांगं सोडतं, कुणी कोहळा सोडतं, आणि सोडलेल्या वस्तूचा आग्रह कुणी करत नाही. त्या दिवसापासून जी मनकर्णा कूट भुरभुरत होती, तीच चटणी वाटायच्या आधी पाटा दोनदा धुवायला लागली. गावजेवणात धुरपताच्या पानाला वेगळी पळी येऊ लागली. हकिमाचं ज्यांनी ऐकलं नाही, त्यांनी खंडोबाचं मुकाट ऐकलं.

धुरपतालाही तेच खोटं सांगितलं होतं. आजार म्हटलं तर पोर लपून चाखून बघेल, देव म्हटलं तर बघणार नाही, असा आईचा हिशोब. जाणती झाली की सांगू, असं तिनं ठरवलं होतं. निजामाचं राज्य गेलं, धुरपता लुगडं नेसायला लागली, सांगणं राहिलं. मग सेलूकडच्या एका गावाहून बायनाबाईच्या मुलाचं, भुजंगाचं, स्थळ आलं. येडबा म्हणाला, "आता तरी सांगून टाक."

"खोट असलेली पोरगी म्हणतील," केवळाबाई म्हणाली. "लगीन होऊ द्या."

लग्न झालं. मग म्हणाली, रुळू द्या. रुळली. मग म्हणाली, लेकरू होऊ द्या. माणूस स्वतःलाच किती चकवतं, त्याला काही सुमार नाही.

बायनाबाई मात्र सासू म्हणून सोन्यासारखी निघाली. सुनेनं शेंगा सोडल्यात म्हटल्यावर तिनं दाण्याचा डबाच घराबाहेर काढला. दोन वर्षं त्या घरात कुणी दाण्याची चटणी खाल्ली नाही. केवळाबाई हे ऐकायची आणि निर्धास्त व्हायची.

धुरपता माहेरी बाळंत झाली. मुलगा झाला. पाचव्या महिन्यात केवळाबाई लेकीला आणि नातवाला घेऊन परभणीहून आगगाडीनं सेलूला निघाली. येडबा मेंढरं घेऊन गोदागंगेच्या काठाला होता. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न खायचं नाही, ही आपली रीत. आज पहिल्यांदा ती तिथं जेवणार होती. जेवणं झाली की इहिणीला बाजूला घेऊन सगळं सांगायचं, असं तिनं गाडीतच मनाशी बांधलं होतं.

बायनाबाईच्या अंगणात भावकी जमली होती. सगळ्यांची कपाळं भंडाऱ्यानं पिवळी. बायनाबाईनं सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला पाटावर बसवलं आणि हसत म्हणाली, "धुरपे, सकाळीच खंडोबाची तळी भरली. वाघ्याला जेवू घातलं. देवानं नातू दिला, आता तुझा नवस सोडवून घेतला मी. लय दिस तोंड बांधलंस, माय. आज पोटभर खा."

आणि तिनं ताटातला दाण्याचा लाडू उचलला.

केवळाबाईच्या मांडीवर नातू होता. धुरपतानं आईकडं पाहिलं. नवस आईचा, तेव्हा होकारही आईचाच हवा, असं ते बघणं होतं. केवळाबाईनं तोंड उघडलं. पण एवढी पिवळी कपाळं समोर, आणि त्यांच्यापुढं म्हणायचं काय? देवाचं नाव मी खोटंच घेतलं? शब्द ओठाशी आला आणि एक श्वासभर तिथंच अडला. आई गप्प, म्हणजे हो, असं लेकीला वाटलं. तिनं सासूच्या हातचा घास घेतला.

"थूक!" केवळाबाई ओरडली. "थूक, धुरपे!"

धुरपता थुंकली, पण निम्मा घास पोटात गेला होता, आणि बघता बघता तिच्या छातीतून तीच जुनी शिट्टी वाजायला लागली. लोक म्हणाले, देव कोपला. कुणी भंडारा उधळला, कुणी कापूर लावला. भुजंगानं बैल जुंपले आणि सेलूच्या डॉक्टरकडं गाडी पिटाळली. सेलूच्या जिनिंग कारखान्याची चिमणी दिसायला लागली तेव्हा आईच्या मांडीवर धुरपताचा श्वास थांबला. दिवस अजून चांगला वर होता.

तेराव्यापर्यंत बायनाबाईनं देव्हाऱ्यापुढं नाक घासून सोलून घेतलं. शेवटी ती केवळाबाईजवळ येऊन बसली. "इहिणबाई, खरं सांगा. माझ्या हातनं तळी भरताना काय चुकलं?"

आता मात्र केवळाबाईनं सांगितलं. हकीम सांगितला, मनकर्णाचं कूट सांगितलं, लग्नातला लाडू सांगितला. "नवस नव्हताच, बाई. तिला शेंगा सोसत नव्हत्या."

बायनाबाईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ती अगदी हळू म्हणाली, "तुमी देवाचं नाव सांगितलं, म्हणून मी देवाला इचारलं. आजाराचं सांगितलं असतं, तर तुमाला इचारलं असतं."



नातू तीन वर्षांचा झाला. आईचं त्याच्यात उतरलंय की नाही कुणाला माहीत नव्हतं, आणि बघायची कुणाची हिंमत नव्हती. एकदा दोघी आज्या त्याला घेऊन सेलूच्या बाजारात गेल्या. फुटाणेवाल्यानं कौतुकानं पोरापुढं मूठभर दाणे धरले. बायनाबाईनं पदरानं त्याचं तोंड झाकलं.

"सोडल्यात का शेंगा? नवस हाय?" फुटाणेवाल्यानं अदबीनं विचारलं.

"नवस न्हाई," बायनाबाई म्हणाली. "सोसत न्हाईत. याची माय त्यानंच गेली."

फुटाणेवाल्यानं मूठ मागं घेतली, हात धोतराला पुसला आणि दुसऱ्या टोपलीतून गुळाचा खडा काढून पोराला दिला. तो हसला नाही, त्यानं आग्रहही केला नाही.

केवळाबाई मागं उभी होती. एवढंच तर सांगायचं होतं, असं तिला वाटलं.