एकेचाळीसपैकी तेहतीस

अहवाल बत्तीस पानांचा होता. उंबरणे गावासाठी त्यातलं सव्विसाव्या पानावरचं एक वाक्य महत्त्वाचं होतं : "तीन वर्षांत नोंदवलेल्या एकेचाळीस उल्लंघनांपैकी तेहतीस स्थानिक ग्रामस्थांकडून झाली असल्याने क्षेत्राचे व्यवस्थापन ग्रामसमितीकडे सोपवणे तूर्त उचित ठरणार नाही."

साताऱ्यातल्या कार्यालयात हे वाक्य मंगळवारी सकाळी साडेअकराला वाचलं गेलं. वाचणारा पुष्कर होता. टेबलाच्या पलीकडे वनखात्याचे साहेब होते आणि अलीकडे उंबरण्याचे सरपंच भाऊसो, गस्तपथकातल्या मनुबाई आणि पथकप्रमुख संयोगिता शेलार असे तिघे बसले होते. निकाल गावाच्या बाजूने लागणार, हे धरूनच तिघे आले होते. मनुबाईंनी साहेबांना द्यायला पेढे आणले होते. पुडा त्यांच्या मांडीवर होता.

उंबरण्याच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा सपाट माथा आहे. गाव त्याला सडा म्हणतं. भाद्रपदात तो फुलांनी भरतो आणि माघापासून वाळलेल्या गवताने. त्यातली काही फुलं दुसरीकडे फारशी सापडत नाहीत, म्हणून तीन वर्षांपूर्वी सडा संवर्धन क्षेत्र म्हणून जाहीर झाला. चराई बंद होणार या भीतीने गाव खवळलं होतं. मग एक तोड निघाली. पुण्याच्या एका संस्थेने गावातल्या आठ जणांना तयार करायचं, तसा अहवाल द्यायचा आणि तीन वर्षांनी सडा गावाच्या समितीने सांभाळायचा. गस्त, वणवा अडवणारी जाळरेषा, पर्यटकांचं फाटक, गुरांच्या पाळ्या, सगळं गावाच्या हातात.

शिकवायला संस्थेने पुष्करला पाठवलं. तो वाईचा, वनस्पतीशास्त्र शिकलेला. पावसाळ्याचे महिने तो शेलारांच्या घरीच राहायचा. त्याने आठ जणांना मीटरभराची चौकट टाकून रोपं मोजायला शिकवलं, वारा बघून जाळरेषा कुठून काढायची ते शिकवलं आणि नोंदवही शिकवली. तिला सहा रकाने होते : तारीख, वेळ, ठिकाण, काय दिसलं, कोणाकडून झालं, काय केलं.

"दिसलं ते लिहायचं," तो म्हणायचा. "माणूस कोण आहे ते बघून लिहायचं की नाही ते ठरवायचं नाही."

पहिल्या फेब्रुवारीतच परीक्षा झाली. संयोगिताचे सासरे लालासाहेब, सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, दरवर्षीप्रमाणे आपल्या बांधावरचं गवत जाळत होते. वारा फिरला आणि आग दगडांचा गडगा ओलांडून सड्यावर गेली. लालासाहेबांनी ओल्या डहाळ्या तोडल्या, हाका मारून चौदा माणसं गोळा केली आणि पाऊण तासात आग विझवली. संध्याकाळी ते स्वतःच सुनेसमोर येऊन बसले.

"लिव."

"आबा, तुमचं नाव?"

"मग काय शेजाऱ्याचं लिवतीस? आग म्या लावली, म्याच इजवली. दोन्ही लिव."

तिने लिहिलं. गावात ते पसरलं आणि त्यानंतर कोणाला वहीत नाव गेल्याचं फार वाटेनासं झालं. सुभेदारांचंच नाव पहिल्या पानावर आहे म्हटल्यावर बाकीच्यांनी कशाला कुरकुर करायची? धुळा धनगराच्या शेळ्या पाळी सोडून वर गेल्या, तेव्हा तो स्वतः सांगत आला. मनुबाईंच्या मुलाने, शंभूराजने, जीप भरून पर्यटक थेट फुलांत नेले, तेव्हा संयोगिताचं पेन थांबलं होतं. मनुबाईच म्हणाल्या, "लिव त्या शाण्याचं. बापाचं नावबी सगळं लिव, म्हंजी दोगंबी सुधारतील." शंभूराजने दुसऱ्या दिवशी चाकांच्या चाकोऱ्यांत माती भरून दिली. तेही सहाव्या रकान्यात आहे.

कार्यालयात पुष्करचं वाचन संपल्यावर संयोगिताने विचारलं, "सर, सहावा रकाना कुठं आहे?"

"तो उल्लंघनाच्या व्याख्येत येत नाही, ताई."

"एकेचाळीसपैकी अकरा वणवे आहेत. अकराही गावानं विझवले. कोणी, किती वेळात, सगळं लिहिलंय."

"मी तुमची एकही नोंद बदललेली नाही," पुष्कर म्हणाला. ते खरं होतं.

"बदलली नाही. अर्धी घेतली."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. भाऊसोंनी विचारलं, "आवं पण मंग सडा बगनार कोन?"

साहेबांनी पान उलटून वाचलं, "प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेकडे पुढील पाच वर्षे."

मग मनुबाई पुष्करकडे वळल्या. "म्हंजी तुमच्याकडंच की, सर. आमाला शिकवायचं काम तुमचं, नापास करायचं बी तुमचंच, आन् नापास झालो की सडा बी तुमालाच?"

"मावशी, हे वरच्या पातळीवर ठरतं."

"वरच्या म्हंजी? सड्याच्यावर तर आबाळच हाय."

साहेब हसले. पुष्कर हसला नाही. हरकत असेल तर तीस दिवसांत कळवा, साहेब म्हणाले, पण ग्रामसभेच्या ठरावासह आणि पुराव्यासह. पुरावा म्हणजे मूळ नोंदी. जिन्यात पुष्कर संयोगिताच्या मागे आला. तिने वळून पाहिलं नाही, म्हणून तो पायरीवरच थांबला. पेढ्यांचा पुडा मनुबाईंनी परत पिशवीत टाकला.

अहवालाची प्रत बुधवारी दुपारपर्यंत गावातल्या प्रत्येक फोनवर होती. संयोगिताने कार्यालयात न पाहिलेल्या दोन गोष्टी गावाने आधी पाहिल्या. एक, शेवटच्या परिशिष्टात तेहतीस उल्लंघनांपुढे नावं छापली होती, पूर्ण, बापाच्या नावासकट. दुसरी, आभाराचा परिच्छेद : "पथकप्रमुख श्रीमती संयोगिता शेलार यांच्या काटेकोर नोंदींशिवाय हा निष्कर्ष काढणे शक्य झाले नसते. पुढील टप्प्यात क्षेत्र-पर्यवेक्षक या पदासाठी त्यांची शिफारस करण्यात येत आहे."

धुळा पाणवठ्यावर भेटला. "साहेबीण झालीस की गं," तो म्हणाला. "आता माज्या शेळ्या मोजायला पगार मिळंल."

"धुळाभाऊ, मला यातलं काही म्हाईत न्हवतं."

"मलाबी कुटं म्हाईत हुतं? म्या तर आपला आपल्या पायानं सांगत आलो."

तिने पुष्करला फोन लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला. शिफारशीबद्दल तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल. तीन वर्षांची मेहनत वाया जाऊ नये, असं वाटलं."

"नावं कशाला छापली?"

"पारदर्शकता, ताई. तुम्हीच लिहिलेली आहेत."

ते पद नको असल्याचं तिने त्याच दिवशी लिहून पाठवलं. गावातल्या कोणी तो कागद पाहायला मागितला नाही.

लालासाहेबांनी परिशिष्ट चष्मा लावून स्वतः वाचलं. अनुक्रमांक एक : शेलार लालासाहेब बाबूराव, वणवा लावणे.

"ह्यो कागद कुटवर जातो?" त्यांनी विचारलं.

"मुंबईपर्यंत, आबा."

"अठ्ठावीस वर्सं नोकरी केली. माज्या कागदावर लाल शाईची एक वळ न्हाई." चष्मा काढून त्यांनी डबीत ठेवला. "इजवली ते कुटं लिवलंय?"

"वहीत हाय."

"मी कागदाचं इचारतोय."

ग्रामसभा तेराव्या दिवशी शाळेच्या सभागृहात भरली. तीस दिवसांच्या मुदतीत दुसरी ग्रामसभा बसत नव्हती. विषयपत्रिकेवर चार विषय होते. सड्याचा दुसरा. संयोगिताने तिन्ही वह्या आणल्या होत्या. ती उभी राहून पंधरा मिनिटं बोलली. आवाज चढवला नाही. अकरा वणवे, सर्वांत लांबलेला दोन तास दहा मिनिटं, एकदाही बाहेरची मदत नाही. चराईची उल्लंघनं पहिल्या वर्षी चौदा, दुसऱ्या वर्षी पाच, तिसऱ्या वर्षी एक. गावाला सडा सांभाळता येत नाही, हे सिद्ध करायला जी वही वापरली, त्याच वहीतून गावाला तो सांभाळता येतो हे दिसतं. फक्त वही पूर्ण दाखवायला हवी.

लोकांनी नीट ऐकून घेतलं. मधे कोणी बोललं नाही, तेव्हाच खरं तर तिला कळायला हवं होतं.

भाऊसो म्हणाले, "बरूबर हाय तुजं. ठराव करू. पर नावं काडून टाक वहीतनं. काळं फास त्यावर. तेवडं कर, आमी हात वर करतो."

"नावं काढली तर इजवलं कुणी ते कसं दाखवायचं? एकाच वळीत हाय ते."

"मंग ते पान फाड, नवीन लिव."

"पानांचे फोटो त्यांच्याकडं हायती. आपन खाडाखोड केली असं निघंल."

सभागृहात कुजबुज झाली. मागून धुळाचा आवाज आला. "म्हंजी फोटोबी देऊन बसलीस व्हय?"

"दर म्हैन्याला द्यायचे हुते, धुळाभाऊ. ठरलंच हुतं तसं. तुमच्याम्होरं काडत हुते मी."

"आमाला वाटलं फुलांचं काडतीया."

हशा पिकला. संयोगिता हशा ओसरेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "नावं तर छापून झाल्याती. मुंबईला गेल्याती. आता वही लपवून कुनाचं नाव वाचनार हाय? वाचवायचा असंल तर सडा वाचंल, तोबी आजच."

ग्रामसेवक सभेचं इतिवृत्त लिहीत होते. त्यांनी मान वर केली. "सूचक कोण?"

"मी," संयोगिता म्हणाली. "संयोगिता इंद्रजित शेलार."

"अनुमोदक?"

तिने आधी मनुबाईंकडे पाहिलं. मनुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "पोरगं भरतीत पास झालंय गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पोलिसांची पडताळनी व्हायची हाय. त्या वहीवर मी कशी सही करू? तूच सांग." संयोगिताने दाराकडे पाहिलं. पथकातले बाकीचे सहा जण तिथे उभे होते. त्यांतले दोघे बाहेर गेले. चौघे गेले नाहीत, पण बोललेही नाहीत.

लालासाहेब पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. ते उभे राहिले. ग्रामसेवकांनी पेन टेकवलं. सुभेदारांनी अनुमोदन दिलं असतं तर ठराव मताला गेला असता, आणि ते उभे असताना हात खाली ठेवणं गावातल्या निम्म्या लोकांना जमलं नसतं. हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.

"नाव लिव म्हनालो ते मी घरातल्या सुनंला म्हनालो हुतो," ते म्हणाले. ते तिच्याकडे पाहत नव्हते, भाऊसोंकडे पाहत होते. "माज्या हातानं ती वही मी पुन्यांदा सायबाम्होरं ठेवनार न्हाई."

टोपी सारखी करून ते बाहेर पडले. रस्ता करून द्यायला माणसं मागे सरली.

"अनुमोदक?" ग्रामसेवकांनी पुन्हा विचारलं. नियमाने तीनदा विचारायचं असतं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, थोडं थांबले आणि लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचायची त्यांची सवय होती, म्हणून ते सगळ्यांना ऐकू आलं : "अनुमोदक न मिळाल्याने ठराव मतास घेण्यात आला नाही."

संयोगिता अजून उभीच होती. भाऊसो म्हणाले, "बस की आता." ती बसली.

तिसरा विषय गावाच्या पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा होता. टाकी गेल्या उन्हाळ्यापासून गळत होती. त्याला सूचक लगेच मिळाला, अनुमोदकही मिळाला. ग्रामसेवकांनी हात वर करायला सांगितलं. सगळे हात वर गेले. संयोगितानेही हात वर केला आणि ग्रामसेवकांची मोजणी पूर्ण होईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.