कंपनीचे माप

"पिस्टनला गॅप किती ठेवलास रे?" सुट्या भागांच्या दुकानदाराने सहज विचारले.

मिस्त्री कुंपणाला रेलून उभा होता. समोर मातीच्या ट्रॅकवर अठरा मोटरसायकली सुरुवातीच्या रांगेत लागत होत्या. सातव्या जागेवर त्याची मुलगी हातमोजे चढवत होती.

"पुस्तकात आहे तेवढा. कंपनीचं माप."

"अरे देवा! चिठ्ठी नाही वाचलीस?"

"कुठली चिठ्ठी?"

"डब्यात तळाशी असते. कंपनीचा पिस्टन ओतीव. आमचा ठोकून घडवलेला. मजबूत आहे, पण तापला की जास्त फुगतो. त्याला सिलिंडरमध्ये जागा जास्त सोडायची असते."

मिस्त्रीच्या तोंडचे पाणी पळाले.

तीस वर्षे त्याने कंपनीच्या पार्टखेरीज कशाला हात लावला नव्हता. म्हणून तर लोक त्याला 'कंपनी' म्हणत. गिऱ्हाईकाने बाहेरचा पार्ट आणला, की तो चिमटीत धरून असा बघायचा, जसे काही भाजीत अळी निघाली आहे. पण या जुन्या गाडीचे पिस्टन कंपनीने बनवायचेच बंद केले. दोन महिने वाट पाहून शेवटी मुलीने याच दुकानदाराकडून बाहेरचा आणला आणि बापापुढे ठेवला. "बाबा, आता नाक मुरडू नकोस. बसव."

त्याने बसवला. पण पिस्टन तेवढा काढून घेतला आणि डबा आत न बघताच कचऱ्यात भिरकावला. नक्कल करणाऱ्यांचे काय वाचायचे? मग माप घेऊन सिलिंडर घासून आणला, दोनदा तपासला. काम चोख झाले होते, फक्त दुसऱ्याच पिस्टनचे.

काल सरावाच्या चार फेऱ्या हळूहळू झाल्या, तेव्हा गाडी ठणठणीत होती. आज मात्र वीस मिनिटे पूर्ण वेगात. तिसऱ्या वळणापुढच्या टेकाडावरून गाड्या माणसाच्या डोक्याइतक्या उंच उडत. पिस्टन जाम झाला तर मागचे चाकही जागच्या जागी अडकणार. पोरगी खाली येईल ती अडकलेल्या चाकावर, आणि मागून बाकीच्या गाड्या.

पंचाने दोन मिनिटांची पाटी वर केली.

मिस्त्री कुंपण चढला. छप्पन्न वर्षांच्या माणसाने चढावे तसेच चढला, म्हणजे पँट फाडून घेतली. शिट्ट्या वाजल्या. कुणीतरी ओरडले, "ओ काका, बाहेर व्हा!" तो धावत राहिला. अठरा इंजिनांच्या कल्लोळात त्याचा आवाज त्यालाच ऐकू येत नव्हता. मुलीने मान हलवून 'नाही, जा' अशी खूण केली. पाटी उलटली. तीस सेकंद.

त्याने वाकून प्लगची टोपी खेचली. विजेचा झटका खांद्यापर्यंत गेला, पण इंजिन बंद पडले.

"बाबा! वेड लागलंय का तुला?"

"उतर."

"आज? अरे, पहिल्या तिघांत आले तर टीमची गाडी मिळणारे मला! वर्षभर…"

"उतर म्हणतो ना! इंजिन जाम होईल. मरशील."

रांगेपुढची आडवी फळी खाली पडली आणि सतरा गाड्या दोघांवर माती उडवत निघून गेल्या.

गाडी बाजूला घेऊन त्याने तिथेच इंजिन उघडले. मुलगी हेल्मेट न काढता उभी राहिली. बघे जमले. पिस्टन बाहेर आला, तर कडेला चार चकचकीत ओरखडे. घासायला सुरुवात झालीच होती.

"डुप्लिकेट माल! दुसरं काय होणार?" एक जण म्हणाला.

"कंपनी उगाच नाही बोंबलत होता इतकी वर्षं."

सगळ्यांच्या नजरा दुकानदाराकडे वळल्या. तो बिचारा पांढराफटक पडला होता. चिठ्ठीचे सांगून कोण विश्वास ठेवणार होते? मिस्त्रीला खोटे बोलायचीही गरज नव्हती. नुसते गप्प बसले की खापर आपोआप फुटणार होते, आणि तीस वर्षांचे म्हणणे खरे ठरणार होते. क्षणभर तो गप्प बसलाही. त्या क्षणाची त्याला पुढे फार लाज वाटली.

"माल चांगला आहे," तो म्हणाला.

"काय?"

"माल चांगला आहे म्हटलं! माप मी चुकवलं. डब्यात चिठ्ठी होती, ती मी वाचली नाही."

कुणीतरी फिसकन हसले. गर्दी पांगायला लागली. दुकानदारही निघून गेला.

मुलीने हेल्मेट काढले. डोळे लाल झाले होते.

"का नाही वाचलीस?"

"बाहेरचा माल म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला खूप काही बोलायचे होते हे त्याला दिसत होते, आणि ती बोलली असती तर बरे झाले असते. पण तिने तोंड फिरवले, हँडल धरले आणि उघड्या इंजिनाची गाडी ढकलत निघाली. तो पिस्टन फडक्यात गुंडाळून चार पावले मागून चालू लागला. ट्रॅकवर शेवटच्या फेरीची घंटा झाली. दोघांनीही तिकडे बघितले नाही.

रस्त्याच्या चढावर चाक मऊ मातीत रुतले. तिने दोनदा जोर लावून पाहिला, मग वळून न बघता म्हणाली, "लाव हात."

त्याने फडके खिशात कोंबले आणि मागून हात लावला.