जिन्यातली स्पर्धा

आक्कांचा धाकट्या बहिणीशी वाद होता तो वडिलांच्या आरामखुर्चीवरून: लहानपणी ती मोडली कोणी? धाकटी दूरदेशी राहायची. दर रविवारी दोघी पडद्यावर समोरासमोर बसत, आणि आक्कांनी ठेवणीतला मुद्दा काढला रे काढला की चित्र गोठे. शेवटचा शब्द आपसूक धाकटीच्या पदरात पडे. सबंध इमारतीला शिस्त लावलेल्या बाईला हे कसे मानवावे?

तक्रार करून पाहिली. पण गल्लीत इंटरनेटची दुसरी कंपनीच नसल्याने आहे त्या कंपनीला कसली घाई नव्हती. आक्का थेट नगरपालिकेत गेल्या. तिथल्या अधिकाऱ्यांनी नवे धोरण समजावले.

"तुमच्या इमारतीत स्पर्धा होऊ द्या, आजी. इंटरनेट आपोआप धावेल."

आक्कांना यात गैर काही वाटले नाही. त्यांनी जुन्या कंपनीला आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या नव्या कंपनीला निरोप धाडले, थोरल्या सुनेला शिट्टी आणायला पिटाळले आणि रविवारी सकाळी जिन्याच्या पायथ्याशी खडूने रेघ ओढली. जो आधी चौथ्या मजल्यावर वेगवान तार पोहोचवील, त्याची जोडणी सगळी इमारत घेणार होती. दोन्ही कंपन्यांचे वायरमन खांद्यावर तारांची वेटोळी घेऊन सज्ज झाले. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी कपाळावर हात मारला आणि धोरणातली स्पर्धा ही नव्हे, असे परोपरीने सांगितले.

"मग तसं लिहायचं होतं," आक्का म्हणाल्या. "रेघेमागे उभे राहा."

शिट्टी वाजली.

"काका, तुमच्या नेटसारखे चढू नका," नव्या कंपनीच्या वायरमनने जुन्या कंपनीच्या वायरमनला डिवचले. मग काका असे पेटले की दुसऱ्या मजल्यावर दोघांच्या तारांचा गुंता झाला. तरी हार कोणी मानेना. अखेर दोन्ही तारा एकदमच आक्कांच्या उंबऱ्याला टेकल्या. इमारतीत खरोखरच दोन कंपन्या आल्या, आणि धोरण पाळले गेल्याचे अधिकाऱ्यांना निमूट मान्य करावे लागले.

संध्याकाळी धाकटी लख्ख दिसली, भुवईवरच्या तिळासकट. आक्कांनी आपला मुद्दा एका दमात मांडला: खुर्चीवर उड्या मारणारी तूच. चित्र कुठेही अडले नाही.

"आक्का, तेव्हा मी गोवर येऊन अंथरुणात होते. तूच मला पाणी आणून द्यायचीस."

आक्कांना लख्ख आठवले. त्यांनी तोंड अर्धवट उघडे ठेवले, पापणीही लवू दिली नाही, आणि चित्र गोठल्यासारख्या निश्चल बसून राहिल्या.

"आक्का," धाकटी म्हणाली, "मागचा पंखा फिरतोय."